लढाईशी संबंधित विशेष भरपाई : अर्ज केव्हा करावा

अमेरिकेच्या सैन्यातून निवृत्त झालेल्या आणि लढाईत किंवा लढाईच्या तयारीत अपंगत्व आलेल्या सैनिकांना दरमहा मिळणारी ही करमुक्त रक्कम. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘सीआरएससी’ म्हणतात. ती आपोआप सुरू होत नाही. सैनिकाला स्वतः, ज्या दलातून निवृत्त झाला त्या दलाकडे अर्ज करावा लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे अनेक जखमी सैनिक वर्षानुवर्षे हक्काच्या पैशाविना राहिले, म्हणून या नोंदीत अर्जाच्या वेळेला जास्त जागा दिली आहे. सरळ उत्तर असे: सैन्याची पेन्शन सुरू झाली असेल आणि माजी सैनिक व्यवहार खात्याचे (व्हीए) अपंगत्वाच्या टक्केवारीचे पत्र हाती आले असेल, तर त्याच आठवड्यात अर्ज करावा.

ही योजना मुळात निघाली एका जुन्या कपातीमुळे. अमेरिकेत निवृत्त सैनिकाची पेन्शन संरक्षण खाते देते आणि अपंगत्वाची भरपाई व्हीए देते. १८९१ च्या कायद्याने दोन्ही रकमा एकत्र घ्यायला बंदी होती. पुढे १९४४ पासून सवलत मिळाली ती एवढीच, की व्हीएकडून जितके डॉलर घ्यायचे तितके पेन्शनमधून सोडायचे. समजा पेन्शन २,००० डॉलर आहे आणि व्हीएची भरपाई १,५०० डॉलर. मग पेन्शन ५०० वर येते आणि हाती पडतात तेच २,०००. वीस वर्षे नोकरी करून पाय गमावलेला आणि धडधाकट निवृत्त झालेला, दोघांची कमाई जवळपास सारखी. फरक काय तो करात. भारतात सेवा घटक आणि अपंगत्व घटक मिळून एकच पेन्शन होते आणि ती संरक्षण खात्याकडूनच येते, त्यामुळे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेण्याचा हा प्रकार आपल्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. अमेरिकेत मात्र तो शतकाहून अधिक काळ चालला. २००२ च्या अखेरीस संमत झालेल्या संरक्षण कायद्याने सीआरएससी आणली आणि १ जून २००३ पासून ती लागू झाली. आधी फक्त पर्पल हार्टशी (लढाईत जखमी झालेल्यांना मिळणाऱ्या पदकाशी) निगडित जखमा किंवा किमान ६० टक्के लढाईजन्य अपंगत्व तिच्यात बसे. १ जानेवारी २००४ पासून ही अट १० टक्क्यांपर्यंत खाली आणली गेली. वीस वर्षे पुरी होण्याआधीच वैद्यकीय कारणाने निवृत्त व्हावे लागलेल्यांना १ जानेवारी २००८ पासून दार उघडले.

‘लढाईशी संबंधित’ याचा अर्थ गोळी लागली एवढाच नाही. प्रत्यक्ष सशस्त्र संघर्ष तर आहेच. शिवाय पॅराशूट उडी, सुरुंगकाम, पाणबुड्याचे काम यांसारखी जोखमीची सेवा, युद्धाची हुबेहूब तालीम, आणि युद्धासाठीच बनवलेल्या साधनामुळे झालेली इजा, असे सारे त्यात येते. रात्रीच्या सरावात रणगाडा उलटून पाठीचा मणका गेला, तर तो दावा बसतो. छावणीत फुटबॉल खेळताना किंवा सकाळच्या नेहमीच्या धावण्यात गुडघा गेला, तर बसत नाही, जरी व्हीएने त्याच गुडघ्याला टक्केवारी दिलेली असली तरी. ही रेघ कित्येकांना जाचक वाटते आणि त्यात चूक काही नाही, पण कायदा तसा आहे.

अर्जाचा फॉर्म म्हणजे ‘डीडी २८६०’. त्यात प्रत्येक अपंगत्वासाठी वेगळा रकाना असतो: व्हीएने दिलेला क्रमांक, टक्केवारी, तेव्हाची तुकडी, ठिकाण, लढाईशी नाते दाखवणारे दोन अक्षरी चिन्ह, आणि शेवटी काय घडले ते स्वतःच्या शब्दांत. पुष्कळ अर्ज या शेवटच्या रकान्यापाशी अडतात. ‘इराकमध्ये होतो, पाठ दुखते’ एवढ्याने काम भागत नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या वाहनात, कशाने, आणि ते सांगणारा त्या काळचा कागद कुठे आहे, हे लागते. पर्पल हार्ट पदक असले तरी ते नेमक्या कोणत्या जखमेसाठी मिळाले हे कागदावर दिसावे लागते. भूदलाचे अर्ज फोर्ट नॉक्सला जातात, हवाई दलाचे टेक्सासमधल्या रँडॉल्फ तळावर. नौदल आणि मरीन (समुद्रमार्गे जमिनीवर उतरून लढणारे दल) यांचे वॉशिंग्टनच्या नौदल गोदीत. व्हीएकडे पाठवलेला अर्ज सीआरएससीचा अर्ज धरला जात नाही.

व्हीएचे पत्र येण्याआधी अर्ज करून उपयोग नसतो, कारण टक्केवारीशिवाय हिशेबच होत नाही. राखीव दलातल्या सैनिकाची पेन्शन साधारण साठीला सुरू होते, म्हणून त्याची वेळही तेव्हाच येते. नोकरी सोडताना एकरकमी पैसे घेऊन बाहेर पडलेल्याला पेन्शनच नसते, त्यामुळे ही भरपाईही नसते.

उशीर केला तर काय, याचे उत्तर २०२५ पर्यंत कडक होते. सरकारवरच्या पैशाच्या दाव्यांना सहा वर्षांची मर्यादा घालणारा एक सर्वसाधारण कायदा आहे. तो लावून सेनादले अर्जाच्या मागची सहा वर्षे सोडून बाकीची थकबाकी कापत. सायमन सोटो या मरीनचे नाव या संदर्भात लक्षात ठेवावे. इराकमध्ये त्याच्याकडे मृत सहकाऱ्यांचे अवशेष शोधून गोळा करण्याचे काम होते. त्या कामाने मनाला झालेल्या आघातामुळे तो २००६ मध्ये वैद्यकीय कारणाने निवृत्त झाला. सीआरएससीसाठी त्याने अर्ज केला २०१६ मध्ये. भरपाई मंजूर झाली, पण थकबाकी मिळाली ती जुलै २०१० पासूनची. त्याआधीचे पैसे गेले. त्याने स्वतःसाठी आणि असेच पैसे कापले गेलेल्या हजारो सैनिकांच्या वतीने दावा लावला. १२ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिलेल्या या निकालाचा गाभा असा, की सीआरएससीचा कायदा दावा ठरवून पैसे देण्याची स्वतःची रीत सांगतो, म्हणून सहा वर्षांची सर्वसाधारण मर्यादा तिथे लागू होत नाही. आपल्याकडे तरसेमसिंग खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने उशिरा मागितलेल्या अपंगत्व पेन्शनची थकबाकी दाव्याआधीच्या तीन वर्षांपुरती मानली होती. ते आठवले की सोटो निकालाचे मोल कळते.

म्हणजे आता निवांत राहावे का? मुळीच नाही. मुदतीची अट गेली तरी पुराव्याची अडचण राहतेच, आणि पुरावा दरवर्षी विरळ होत जातो. सेंट लुईसच्या अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि सैनिकांच्या सुमारे १.६ ते १.८ कोटी फायली जळाल्या. त्यांतल्या बहुतेक १९१२ ते १९६० या काळात भूदलातून बाहेर पडलेल्यांच्या होत्या. आग लागली नाही तरी तुकड्या बरखास्त होतात आणि ज्याने आपल्याला स्ट्रेचरवर घातले त्या सोबत्याचा पत्ता हरवतो. भरपाईसुद्धा सैनिकाच्या मृत्यूबरोबर थांबते. पत्नीला किंवा मुलांना ती पुढे चालू राहत नाही.

एकदा अर्ज केला की संपले, असेही नसते. व्हीएने टक्केवारी वाढवली, नवा आजार मान्य केला किंवा जुन्या तारखेपासून मंजुरी दिली, तर ते पत्र सेनादलाकडे पुन्हा पाठवावे. व्हिएतनाम युद्धात फवारलेल्या एजंट ऑरेंज या विषारी तणनाशकामुळे आलेला मधुमेह अशा रीतीने मागाहून जोडला जाऊ शकतो. २०२२ च्या पॅक्ट कायद्याने उघड्यावर कचरा जाळण्याच्या धुरामुळे होणारे अनेक आजार व्हीएच्या यादीत आले, तेव्हा ज्यांना त्यानंतर नवी पत्रे मिळाली त्यांनी अर्ज पुन्हा काढून पाहावा. नामंजुरी आली तर नव्या कागदांसह फेरविचार मागता येतो.

‘सीआरडीपी’ नावाची दुसरी योजनाही आहे. वीस वर्षे सेवा आणि व्हीएची किमान ५० टक्के टक्केवारी असेल त्यांची कापलेली पेन्शन ती परत करते. ती अर्जाविना मिळते, पण तिच्यावर आयकर लागतो आणि घटस्फोटात पेन्शनसारखीच तिचीही पती-पत्नींत विभागणी होऊ शकते. दोन्ही एकाच वेळी घेता येत नाहीत. दोन्हींना पात्र असणाऱ्यांना दर जानेवारीत निवड बदलता येते. रक्कम कोणती मोठी एवढेच पाहू नये. कर वजा जाता काय उरते ते पाहावे. लढाईशी संबंध नसलेल्या आजारांची टक्केवारी मोठी असेल तर बहुधा सीआरडीपी बरी पडते.

सर्वांत दुखरा भाग वीस वर्षांआधी निवृत्त व्हावे लागलेल्यांचा आहे. त्यांना सीआरएससी मिळते, पण नोकरीच्या प्रत्येक वर्षाला मूळ वेतनाच्या अडीच टक्के एवढ्याच मर्यादेत. आठ वर्षांनंतर स्फोटात जायबंदी झालेल्याचे मूळ वेतन ४,००० डॉलर असेल, तर हिशेब २० टक्क्यांवर, म्हणजे ८०० डॉलरवर थांबतो. पेन्शन २,४०० ची ठरली होती आणि ती सगळी व्हीएच्या भरपाईपोटी कापली गेली, तरीही. सीआरडीपी तर त्यांना मिळतच नाही. ही कपात काढून टाकणारे विधेयक मेजर रिचर्ड स्टार यांच्या नावाने ओळखले जाते. ते राखीव भूदलातले होते आणि २०२१ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) एकाहून अधिक कार्यकाळांत हे विधेयक मांडले गेले आणि दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी त्याला पाठिंबा दिला, तरी सोटो निकाल लागला तेव्हाही त्याचा कायदा झालेला नव्हता.