ज्यां होर्नी

ज्यां होर्नी (२६ सप्टेंबर १९२४ – १२ जानेवारी १९९७) : स्विस-अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आणि सिलिकॉन ट्रान्झिस्टर तयार करण्याच्या प्लेनर (सपाट पृष्ठभागाच्या) प्रक्रियेचे जनक. अर्धसंवाहक उद्योगाचा इतिहास सांगताना शॉकली, किल्बी, नॉइस, मूर ही नावे आधी येतात, होर्नींचे बरेच नंतर. पण चिप बनवण्याची जी पद्धत पुढे जगभर रूढ झाली, तिचा पाया त्यांनी घातला आहे.

होर्नींचा जन्म स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे झाला. जिनिव्हा विद्यापीठातून गणिताची पदवी आणि १९५० मध्ये डॉक्टरेट मिळवल्यावर त्यांनी १९५२ मध्ये केंब्रिज विद्यापीठातून दुसरी डॉक्टरेट घेतली. त्याच वर्षी ते अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत दाखल झाले. तेथे त्यांची ट्रान्झिस्टरच्या शोधकांपैकी एक असलेल्या विल्यम शॉकली यांच्याशी ओळख झाली आणि १९५६ मध्ये ते माउंटन व्ह्यू येथील शॉकलींच्या नव्या प्रयोगशाळेत रुजू झाले. शॉकलींनी त्यांना सुरुवातीला विसरणाची, म्हणजे तापलेल्या सिलिकॉनमध्ये अशुद्धीचे (मुद्दाम मिसळलेल्या परक्या द्रव्याचे) अणू कसे आणि किती खोल शिरतात याची, आकडेमोड करायला बसवले. काम कागदावरचे होते, पण पुढे हाच अभ्यास त्यांच्या कामी आला.

शॉकलींच्या संशयी आणि हेकट कारभाराला कंटाळून सप्टेंबर १९५७ मध्ये आठ जण एकदम बाहेर पडले. होर्नी, रॉबर्ट नॉइस, गॉर्डन मूर, जे लास्ट, शेल्डन रॉबर्ट्स, यूजीन क्लायनर, ज्युलियस ब्लँक आणि व्हिक्टर ग्रिनिच यांच्या या गटाला पुढे ‘विश्वासघातकी आठ’ असे म्हटले जाऊ लागले. फेअरचाइल्ड कॅमेरा अँड इन्स्ट्रुमेंट या कंपनीच्या भांडवलावर त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी केली.

नव्या कंपनीचा पहिला माल होता मेसा प्रकारचा ट्रान्झिस्टर. तो तयार करताना सिलिकॉनच्या चकतीत अशुद्धीचे थर विसरणाने शिरवत आणि मग आजूबाजूचा भाग आम्लाने खाऊन टाकत. मध्ये ओट्यासारखा उंचवटा उरे आणि पी-एन संधीच्या, म्हणजे वेगवेगळ्या अशुद्धींचे दोन थर जिथे मिळतात त्या सांध्याच्या, कडा त्याच्या भिंतीवर उघड्या पडत. सगळे दुखणे तिथेच होते. सूक्ष्म धूळ, ओलावा किंवा आवरणातून सुटलेला धातूचा बारीक कण त्या कडेवर बसला की ट्रान्झिस्टरचे गुणधर्म बदलत किंवा तो थेट निकामी होई. क्षेपणास्त्रांसाठी माल घेणारे लष्करी ग्राहक हे चालवून घेणार नव्हते. आतला कण सुटतो का ते पाहण्यासाठी बंद केलेला ट्रान्झिस्टर ठोकून तपासावा लागे.

होर्नींनी यावरचा उपाय १ डिसेंबर १९५७ रोजीच, म्हणजे कंपनी सुरू होऊन जेमतेम काही आठवडे झाले असताना, आपल्या वहीत लिहून ठेवला होता. सिलिकॉन ऑक्सिजनमध्ये किंवा वाफेत तापवले की त्यावर सिलिकॉन डायऑक्साइडचा काचेसारखा पातळ थर चढतो. हा थर काही अशुद्धींना अडवतो, हे बेल प्रयोगशाळेतील कार्ल फ्रॉश आणि लिंकन डेरिक यांनी आधीच शोधले होते. मात्र काम झाल्यावर तो थर अशुद्धींनी मळलेला मानून धुऊन टाकायचा, असा त्या काळचा शिरस्ता होता. होर्नींचे म्हणणे अगदी उलट होते : थर काढू नका, तोच संधीचे रक्षण करील.

या विचारातले मर्म कृतीकडे पाहिले की लक्षात येते. ऑक्साइडच्या थरात प्रकाशाच्या साहाय्याने खिडकी पाडतात आणि तिच्यातून बोरॉनचे अणू सिलिकॉनमध्ये शिरवतात. हे अणू खाली जातात तसे आडवेही पसरतात, त्यामुळे तयार होणारी संधी खिडकीच्या कडेच्या थोडी पलीकडे, ऑक्साइडच्या खालीच, पृष्ठभागाला येऊन मिळते. मग लहान खिडकीतून फॉस्फरस सोडला की दुसरी संधीही तशीच झाकलेली राहते. संधी जन्मल्यापासूनच आच्छादनाखाली असते. तिला हवा कधी लागतच नाही. पृष्ठभाग सपाट राहतो, आणि वरून पाहिल्यास एकात एक वर्तुळे दिसतात.

कल्पना वर्षभर तशीच पडून राहिली. तिला एक जादा मास्क (खिडक्यांचा आकार ठरवणारा साचा) लागणार होता आणि सर्वांचे हात मेसाच्या उत्पादनात गुंतले होते. १९५९ च्या सुरुवातीला मेसाच्या तक्रारी वाढल्या तेव्हा होर्नींनी वही पुन्हा उघडली आणि मार्चमध्ये चालू स्थितीतला प्लेनर ट्रान्झिस्टर सहकाऱ्यांपुढे ठेवला. तो किती टिकाऊ आहे हे दाखवण्यासाठी ते उघड्या ट्रान्झिस्टरवर थुंकले, आणि तरीही तो चालत राहिला! मेसा अशा प्रसंगातून वाचला नसता. मे १९५९ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला, १९६० मध्ये माल बाजारात आला आणि १९६२ मध्ये पेटंट मंजूर झाले.

याच सपाट, ऑक्साइडने झाकलेल्या पृष्ठभागाने नॉइसना पुढची वाट दाखवली. ऑक्साइड विद्युतरोधक असल्याने त्यावरून अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या नेऊन एकाच चकतीवरचे अनेक घटक जोडता येतील, हे त्यांनी जानेवारी १९५९ मध्ये नोंदवले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जॅक किल्बी यांनी १९५८ मध्ये दाखवलेल्या एकात्मिक मंडलात (एकाच तुकड्यावर अनेक घटक असलेल्या चिपमध्ये) जोडण्या बारीक तारांनी केलेल्या होत्या; मोठ्या प्रमाणावर उत्पादन शक्य झाले ते प्लेनर मार्गाने. फेअरचाइल्डमध्ये लास्ट यांच्या गटाने १९६० मध्ये तशी मंडले प्रत्यक्ष तयार केली. त्यामुळे एकात्मिक मंडलाच्या श्रेयाची वाटणी फक्त किल्बी आणि नॉइस यांच्यात करणे अपुरे आहे. होर्नींचा सपाट ट्रान्झिस्टर नसता तर नॉइसना पट्ट्या टाकायला जागाच नव्हती.

१९६१ मध्ये होर्नींनी लास्ट आणि रॉबर्ट्स यांच्यासह फेअरचाइल्ड सोडून टेलिडाइन या कंपनीच्या आधाराने अ‍ॅमेल्को ही कंपनी काढली. १९६३ मध्ये तीही सोडली आणि पुढे युनियन कार्बाइडसाठी अर्धसंवाहक विभाग उभारला. एकदा बसवलेली घडी सांभाळत बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. १९६७ मध्ये त्यांनी इंटरसिल स्थापन केली. इलेक्ट्रॉनिक घड्याळांसाठी सीमॉस या प्रकारची, अत्यंत कमी वीज खाणारी मंडले हे तिचे सुरुवातीचे महत्त्वाचे काम. फ्रँकलिन इन्स्टिट्यूटचे लाँगस्ट्रेथ पदक (१९६९) आणि मॅक्डॉवेल पुरस्कार (१९७२) त्यांना मिळाले.

होर्नी जातिवंत गिर्यारोहक होते आणि काराकोरमच्या डोंगररांगांची त्यांना विशेष ओढ होती. पाकिस्तानातील बाल्टिस्तानमधल्या कोर्फे गावात शाळा बांधण्यासाठी त्यांनी १२,००० डॉलर दिले. १९९६ मध्ये सेंट्रल एशिया इन्स्टिट्यूट ही संस्था सुरू झाली ती त्यांच्या १० लाख डॉलरच्या देणगीवर. पुढच्याच वर्षी सिएटल येथे त्यांचे निधन झाले.