अभिसंधान

एखादे मूळचे निरर्थक उद्दीपक प्राण्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या अशा घटनेची पूर्वसूचना देऊ लागले, की प्राणी त्या सूचनेलाच प्रतिसाद देऊ लागतो. अध्ययनाच्या या प्रकारास मानसशास्त्रात ‘अभिजात अभिसंधान’ म्हणतात.

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील गोठ्यांत ही प्रक्रिया रोज दोन वेळा पाहावयास मिळते. म्हशीच्या कासेतील बहुतेक दूध वरच्या सूक्ष्म कोशांत साठलेले असते आणि ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात मिसळल्यावाचून ते सडांत उतरत नाही. रेडकाच्या ढुशा आणि चोखणे हे या संप्रेरकाचे नैसर्गिक उद्दीपक होय. तथापि रुळलेली म्हैस बादलीची कडी वाजताच किंवा पुढ्यात आंबोण येताच, रेडकू सोडण्यापूर्वीच पान्हा सोडते. येथे कडीचा आवाज हे अभिसंधित उद्दीपक आणि त्या आवाजाने सुटलेला पान्हा ही अभिसंधित प्रतिक्रिया होय. खरसुंडीच्या किंवा म्हसवडच्या बाजारातून आणलेले दुभते जनावर नव्या दावणीला काही दिवस दूध चोरते, याचे कारण हट्ट नसून परक्या जागी संप्रेरकाचे स्रवणच दबते, हे आहे.

इव्हान पाव्हलॉव्ह या रशियन शरीरक्रियावैज्ञानिकाला 1904 चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी. त्याच संशोधनात अन्न तोंडात पडण्याआधीच कुत्र्यांना लाळ सुटते, हे ध्यानात आल्यावर त्याने पुढील आयुष्य पचनाच्या प्रयोगांत ‘अडथळा’ ठरणाऱ्या या लाळेच्याच अभ्यासाला वाहिले. त्याच्या नावाशी घंटा कायमची जोडली गेली असली, तरी प्रयोगशाळेत मेट्रोनोम या ठरावीक लयीत ठोके देणाऱ्या यंत्राच्या ठोक्यांसारखी उद्दीपकेही त्याने भरपूर वापरली.

दोन घटना वारंवार एकापाठोपाठ घडल्या की अभिसंधान होते, अशी समजूत दीर्घकाळ होती. रॉबर्ट रेस्कोर्ला यांच्या 1968 मधील प्रयोगांनी तिला धक्का दिला. उंदरांच्या निरनिराळ्या गटांत स्वर चालू असताना विजेचा झटका बसण्याची शक्यता सारखीच ठेवलेली होती. परंतु ज्या गटाला स्वर नसतानाही तितकेच झटके बसत, त्या गटात स्वराची भीती जवळजवळ निर्माणच झाली नाही. म्हणजे जोडीपेक्षा सूचनेची विश्वासार्हता महत्त्वाची. दिवसभर उगाच बादल्या आदळणाऱ्याच्या गोठ्यात कडीच्या आवाजाला किंमत उरत नाही, ती याच न्यायाने.

कोणतीही सूचना कोणत्याही परिणामाशी सारख्याच सहजतेने जुळते, हेही खरे नाही. जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोलिंग यांनी 1966 मध्ये उंदरांना चवदार पाणी पिताना प्रकाश व आवाज यांचाही अनुभव दिला. नंतर आजारी पाडलेल्या उंदरांनी ती चव टाळली, तर झटका बसलेल्यांनी प्रकाश-आवाज टाळला. लग्नाच्या जेवणानंतर उलट्या झाल्या, तर माणूसही मांडवातल्या सनईला नव्हे, बासुंदीला दोष देतो. प्रत्यक्षात आजाराचे कारण वेगळे असले तरी.

पूर्वसूचनेनंतर अपेक्षित घटना घडेनाशी झाली, की प्रतिक्रिया हळूहळू मंदावते. यास विलोपन म्हणतात, मात्र विलोपन म्हणजे विस्मरण नव्हे. काही काळ गेल्यावर तेच उद्दीपक पुन्हा आले असता प्रतिक्रिया आपोआप डोके वर काढते, हे पाव्हलॉव्हनेच नोंदवले होते.

माणसांवरील प्रयोगांत जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांचा 1920 चा प्रयोग कुप्रसिद्ध आहे. सुमारे अकरा महिन्यांच्या बालकाला पांढऱ्या उंदराची भीती बसवण्यात आली आणि ती घालवण्याचे कष्ट मात्र कोणी घेतले नाहीत. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या मुलाला आवडता खाऊ देत देत ससा टप्प्याटप्प्याने जवळ आणला आणि त्याची भीती घालवली. आजच्या वर्तनोपचाराचे एक मूळ येथे आहे.

एडवर्ड थॉर्नडाइक (1898) आणि बी. एफ. स्किनर (1938) यांनी अभ्यासलेल्या साधक अभिसंधानात प्राण्याच्या कृतीवर तिचा परिणाम अवलंबून असतो. आंबोण येथे दुहेरी काम करते: त्याचा वास पान्ह्याची सूचना देतो आणि म्हैस धार संपेपर्यंत लाथ न मारता उभी राहिली म्हणून मिळालेली त्याची ओंजळ हे त्या उभे राहण्याचे प्रबलन, म्हणजे ती कृती पुन्हा घडावी असे बळ देणारा परिणाम, ठरते.