परवडणारी ब्लेंडेड स्कॉच: तिची चव कशी ठरली

टीचर्स हायलँड क्रीम, व्हॅट 69, ब्लॅक अँड व्हाइट, जॉनी वॉकर रेड लेबल या ब्लेंडेड स्कॉच आहेत. जव मोडवून केलेली माल्ट व्हिस्की आणि गहू-मक्यापासून केलेली ग्रेन व्हिस्की यांचे हे मिश्रण. स्वस्त बाटलीत सहसा ग्रेनचा वाटा निम्म्याहून जास्त असतो. ‘ग्रेन म्हणजे भेसळ’ असे सरसकट म्हणतात, ते चूक आहे. ही चव हलकी का, गोड का आणि कधी घशाला का लागते, याची कारणे एकोणिसाव्या शतकातले अबकारी कायदे आणि भट्ट्यांची रचना पाहिल्यावर कळतात.

1823च्या कायद्याने स्कॉटलंडमधला परवाना वर्षाला 10 पौंडांवर आणला आणि चोरट्या भट्ट्या कायदेशीर होऊ लागल्या. तिथली व्हिस्की तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये, म्हणजे हंड्यासारख्या भट्टीत, घाण्या-घाण्याने निघे. ती जड असे आणि बऱ्याचदा पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुराची असे. एका घाण्यासारखा दुसरा उतरत नसे. 1830 साली डब्लिनमध्ये एनियस कॉफी यांनी अखंड चालणाऱ्या दोन स्तंभांच्या भट्टीचे पेटंट घेतले. विशेष म्हणजे कॉफी आयर्लंडच्या अबकारी खात्यातले निवृत्त अधिकारी होते. या भट्टीला न मोडवलेले धान्य चालते, इंधन कमी लागते आणि दारू खूप तीव्र निघते. आजचा नियम ग्रेन व्हिस्की 94.8 टक्के अल्कोहोलच्या खाली गाळावी असा आहे. इतक्या तीव्रतेला धान्याचा मूळ वास फारसा उरत नाही. त्यामुळे ग्रेनची चव मुख्यतः पिंपातून येते. अमेरिकन ओकच्या जुन्या बर्बन (मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीच्या) पिंपातून व्हॅनिला आणि ओल्या नारळासारखा गोडवा उतरतो. स्वस्त ब्लेंडमध्ये पहिल्यांदा जाणवतो तो हाच.

भट्टी आली तरी मिश्रणाला कर आडवा येत होता. मिसळण्याआधीच कर भरावा लागे, म्हणजे पिंपे मुरत असताना व्यापाऱ्याचे भांडवल अडकून पडे. 1853 साली एकाच डिस्टिलरीच्या वेगवेगळ्या वयाच्या व्हिस्की करापूर्वी, सरकारी देखरेखीच्या गोदामात मिसळायला परवानगी मिळाली. एडिनबराच्या अँड्र्यू अशर यांनी ग्लेनलिव्हेट डिस्टिलरीच्या व्हिस्कीचे मिश्रण याच वर्षी बाजारात आणले. 1860च्या कायद्याने माल्ट आणि ग्रेनही तसेच मिसळता येऊ लागले. पुढे फ्रान्समध्ये फायलॉक्सेरा किडीने द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, ब्रँडी दुर्मिळ झाली आणि लंडनच्या गिऱ्हाइकाला सौम्य, दर वेळी एकसारखी स्कॉच हवीशी वाटू लागली.

ही मिश्रणे उभी केली ती मुख्यतः किराणा आणि मद्याच्या दुकानदारांनी. किलमारनॉकचे जॉन वॉकर किराणा दुकानदार होते. ग्लासगोत विल्यम टीचर यांची स्वतःची दारूची दुकाने होती. त्यांच्या मुलांनी 1884 साली ‘हायलँड क्रीम’ हे नाव नोंदवले, आणि 1898 साली अ‍ॅबरडीनशरमध्ये आर्डमोर डिस्टिलरी बांधली. हायलँड या स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात माल्ट सहसा बिनधुराचा, पण आर्डमोरचा पीटच्या धुराचा असतो. टीचर्समध्ये मागून येणारा हलका धूर तिथला. नेहमीच्या बाटलीतून धूर ओळखायला शिकायचे तर या किमतीत मला टीचर्सच सर्वांत सोयीची वाटते.

ग्रेन मिसळलेल्याला व्हिस्की म्हणायचे का, हा वाद न्यायालयात गेला. 1906 साली लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या खटल्याचा निकाल ब्लेंडच्या विरोधात लागला. मग शाही आयोग नेमला गेला आणि त्याने 1909 साली ब्लेंडला मान्यता दिली. पहिल्या महायुद्धात 1915च्या कायद्याने मुरवण्याची किमान मुदत दोन वर्षे ठरली, लगेच ती तीन झाली. बाटलीवर वय छापलेले नसेल तर आत निदान तीन वर्षे मुरलेली व्हिस्की आहे एवढीच हमी असते. कोवळ्या व्हिस्कीचा झोंबणारा, ओल्या पिठासारखा वास आला तर त्याचे कारण बहुधा हेच असते. रंगावरून मात्र वय ठरवू नका. कायद्याने पाण्याखेरीज साधा कॅरॅमल रंगही घालता येतो, आणि स्वस्त ब्लेंडमध्ये तो सर्रास असतो.

चव घेण्याची रीत ब्लेंडरांच्या, म्हणजे मिश्रण ठरवणाऱ्यांच्या, खोलीतून आली. ते नमुना पाण्याने साधारण 20 टक्क्यांवर आणून मुख्यतः नाकाने पारखतात, कारण 40 टक्क्यांवर अल्कोहोलची वाफ नाक बधिर करते. ट्यूलिपच्या आकाराचा ग्लास घ्या. वर निमुळता असल्याने वास तोंडाशी साठतो. 30 मिली व्हिस्की ओता, पाचेक मिनिटे ठेवा, तोंड किंचित उघडे ठेवून दुरूनच वास घ्या. मग एक छोटा घोट. त्यानंतर 5 ते 10 मिली पाणी घालून पुन्हा. स्वस्त ब्लेंड पाण्याने पातळ लागली तरी धूर, सुके फळ, ओक यांतला फरक इथेच कळतो. नळाच्या पाण्यातला क्लोरीन वास बिघडवतो, म्हणून गाळलेले घ्या. बर्फ या टप्प्यावर नको, थंडीत वास दबतो. मसाला शेंगदाण्यांचा चखणाही नंतर.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहावी लागते. सिंगल माल्ट स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करावी लागते, पण ब्लेंड मोठ्या टाक्यांतून बाहेर पाठवता येते. म्हणून टीचर्स, व्हॅट 69 वगैरे भारतात भरल्या जातात: तीव्र व्हिस्की आणून इथल्या खनिजविरहित पाण्याने उतरवतात. अशा बाटलीवर सहसा 42.8 टक्के असते, आयात बाटलीवर 40. तीव्रतेच्या जुन्या ब्रिटिश ‘प्रूफ’ मोजणीत 42.8 म्हणजे 75 अंश आणि 40 म्हणजे 70 अंश. इथे भरलेली ‘जास्त कडक’ लागते तिचे कारण बऱ्याचदा एवढेच असते. दोन्ही शेजारी ठेवून पारखायच्या तर इथे भरलेलीच्या 30 मिलीत आधी 2 मिली पाणी घाला, तीव्रता सारखी होईल. ब्लेंडरांसारखे 20 टक्क्यांवर न्यायचे असेल तर तिच्या 30 मिलीला 34 मिली पाणी लागते, आयातीला 30. ग्लास झाकून ठेवा आणि कोणता कुठला हे दुसऱ्या कोणालातरी मांडायला सांगा.