‘काय हवं होतं?’ आणि न घडलेल्याचं व्याकरण

दुकानात शिरलं की काउंटरमागून प्रश्न येतो, ‘काय हवं होतं?’ हवं तर आत्ता आहे, मग ‘होतं’ कशाला? भूतकाळ लावला की मागणं जरा मवाळ होतं, एवढंच. स्पॅनिश माणूसही कॅफेत ‘किसिएरा उन काफे’ म्हणतो. ‘केरेर’ म्हणजे हवं असणं, आणि ‘किसिएरा’ हे त्याचं ते रूप, ज्याच्या धास्तीने निम्मा वर्ग स्पॅनिश सोडतो. शाळेतला आपला संकेतार्थ (‘पैसे असते तर’) त्याच्या बराच जवळचा.

खरं तर धास्तीचं कारण नाही. ‘ते बोलले’ याला ‘आब्लारोन’. त्यातलं शेवटचं ‘रोन’ काढा, ‘रा’ लावा: ‘आब्लारा’. ‘ते म्हणाले’ म्हणजे ‘दिखेरोन’, त्याचं ‘दिखेरा’. ‘त्यांनी केलं’ म्हणजे ‘इसिएरोन’, त्याचं ‘इसिएरा’. ‘दोर्मिर’ (झोपणं) मधला ‘ओ’ ‘दुर्मिएरोन’मध्ये ‘उ’ होतो, तर ‘दुर्मिएरा’तही ‘उ’च. स्पॅनिशमधलं एकही क्रियापद हा नियम मोडत नाही. असं काही दिसलं की ‘ही भाषा म्हणजे शुद्ध गणित’ असे फॉरवर्ड निघतात. संस्कृत आणि कॉम्प्युटरचे येतात तसेच. इथे गणित नाही, भाऊबंदकी आहे. लॅटिनमध्ये ‘दिक्सेरुन्त’ (ते म्हणाले) आणि ‘दिक्सेराम’ (मी म्हणालो होतो) एकाच ‘दिक्स्’ या अंगावर, म्हणजे प्रत्ययाआधीच्या भागावर, उभे होते. पहिल्याचं ‘दिखेरोन’ झालं, दुसऱ्याचं ‘दिखेरा’.

पण थांबा. ‘म्हणालो होतो’ हा पूर्ण भूतकाळ, व्याकरणातल्या ‘स्वार्था’तला, म्हणजे खरंच घडलेलं सांगणारा. तो ‘म्हणालो असतो तर’ कसा झाला? मला या प्रकरणातलं सगळ्यात आवडतं ते हेच. ट्रक अंगावरून जाता जाता वाचलेला माणूस घरी येऊन म्हणतो, ‘मेलोच होतो आज!’ मेला नाही, पण ‘मेलो असतो’पेक्षा ‘मेलो होतो’ला धार जास्त. लॅटिन बोलणारेही असंच करत: जर-तरच्या वाक्यातल्या ‘तर’च्या भागात ही ‘होतो’ची रूपं घालत. ती तिथे रुळली, पुढे स्पॅनिशमध्ये ‘जर’च्या भागातही शिरली आणि शेवटी न घडलेल्याचीच होऊन बसली. खऱ्या संकेतार्थी ‘दिक्सिस्सेम’पासून आलेलं ‘दिखेसे’ही आहेच, म्हणून पुस्तकात दोन-दोन रकाने दिसतात. बोलण्यात ‘रा’वाला रकाना पाठ असला तरी भागतं.

पोर्तुगीजने मात्र ‘फालारा’ला जुनाच अर्थ ठेवला, ‘बोलला होता’, आणि तोही आता मुख्यतः पुस्तकी. स्पॅनिश वर्तमानपत्रांतही ‘एल के फुएरा प्रेसिदेन्ते’ असं अधूनमधून छापून येतं. शिकाऊ वाचक त्याचा अर्थ ‘जो अध्यक्ष असता तो’ असा लावू पाहतो. तो माणूस खरोखरच अध्यक्ष होऊन गेलेला असतो.