फिरकी कुणाच्या हातात

उत्तरायणाला बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर दोन उलट गोष्टी एकदम चालतात. एकीकडे दुसऱ्याचा पतंग कापल्याची 'काप्यो छे!' ही आरोळी, दुसरीकडे आईचा तिळगुळाचा डबा आणि 'गोड बोला'. तीन वर्षांपूर्वी त्या डब्यापाशी मी आणि माझा मामेभाऊ समोरासमोर आलो. तिळगूळ दोघांनी घेतला. बोललं कुणीच नाही.

कारण भिशी. वही त्याच्याकडे असायची. माझा नंबर लागला त्या महिन्यात म्हणाला, दोघांचे हप्ते यायचेत. पुढे कळलं, हप्ते सगळ्यांचे आले होते, पैसे याने दुकानाच्या मालात घातले होते. दोन महिन्यांत त्याने सगळी रक्कम दिलीही. पण मी अबोला धरला तो धरलाच.

अबोला धरणाऱ्याला तो फुकट पडत नाही. मिशिगनच्या होप कॉलेजात शार्लट विटव्हलिएट आणि सहकाऱ्यांनी 71 विद्यार्थ्यांना, आपल्याला दुखावणारी खरी व्यक्ती मनात आणायला सांगितलं. कधी डूख धरून, कधी माफ केल्याची कल्पना करून. 2001 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले: डूख उगाळताना नाडी आणि रक्तदाब जास्त चढत होते, त्वचेवर घामाची चाहूल लागत होती, भुवईचा स्नायू आखडत होता. समोर कुणी नसताना! वही आठवली की माझ्या कपाळावर आठी पडायची, असं बायको सांगते.

तेव्हा मी त्याला मनातल्या मनात माफ करून टाकलं. वहीवरचा भरवसा मात्र परत येईना, आणि मला वाटायचं, म्हणजे माफी खोटीच की काय. तसं नसतं. क्षमा एकट्याला करता येते, त्याला दुसऱ्याची परवानगी लागत नाही. विश्वासाचं वेगळं आहे. मेयर, डेव्हिस आणि स्कूरमन या अभ्यासकांनी 1995 मध्ये केलेली त्याची व्याख्या आजही वापरली जाते. तिचा आशय असा: समोरच्यावर लक्ष ठेवता येवो वा न येवो, त्याच्या हातून आपलं नुकसान होऊ शकेल अशा जागी उभं राहायची तयारी. गच्चीवर याला मांजाची फिरकी धरायला देणं म्हणतात. पतंग उडवणाऱ्याचे डोळे आभाळात, फिरकी पाठीमागे. वेळेवर ढील मिळाली नाही तर पतंगही जातो आणि बोटही कापतं.

आता वर मी सांगितलेली हकीकत पुन्हा वाचा. ती माझी आहे. 1990 मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी लोकांकडून दोन-दोन प्रसंग लिहून घेतले, एक स्वतः दुखावलो तो, दुसरा आपण कुणाला दुखावलं तो. माणसं तीच, पण गुन्हेगाराच्या भूमिकेत लिहिताना प्रकरण एकदाचं घडून मिटलेलं असायचं आणि त्याला कारणही असायचं. दुखावलेल्याच्या भूमिकेत तेच लोक लिहीत की त्याचे परिणाम अजून चालू आहेत. मामेभाऊही हेच म्हणत होता, 'अरे, दोन महिन्यांत दिले ना!' त्याच्या लेखी वही बंद झाली होती.

माझ्या लेखी खोटं उरलं होतं. मॉरिस श्वाइत्झर आणि सहकाऱ्यांचा 2006 चा प्रयोग इथे नेमकं बोट ठेवतो. खेळात एकाने दुसऱ्याकडे पैसे सोपवायचे, ते वाढायचे, दुसऱ्याने परत द्यायचे किंवा दाबायचे. सुरुवातीला दाबून बसलेला पुढे सलग नीट वागला, तर विश्वास सावरत होता. पण त्याने 'देतो' असं खोटं सांगून पैसे दाबले असतील, तर पुढच्या चांगल्या वागण्याने, माफीनेही तो पूर्वीइतका भरून येत नव्हता.

मग 'सॉरी'ला अर्थ काय? रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये 755 जणांसमोर योगायोगाने माझ्याच विषयातलं उदाहरण ठेवलं: आधीच्या नोकरीत करविवरण चुकीचं भरलेला हिशेबनीस. माफीच्या सहा घटकांत सर्वांत वजनदार ठरलं 'चूक माझी आहे' हे कबूल करणं, त्याखालोखाल भरपाईची तयारी. सर्वांत हलकं, 'मला माफ करा' ही विनंती. आपल्याकडे नातेवाईक मध्ये पडून नेमकी तीच वदवून घेतात. चूक अप्रामाणिकपणाची असेल तर एकूणच माफीचा प्रभाव कमी पडतो, हेही त्यांना दिसलं.

मामेभावाने माफी मागितली नाही. गेल्या दिवाळीच्या आधी कधीतरी तो म्हणाला, 'दादा, हप्ते आले होते. मी खोटं बोललो.' तेव्हापासून दर महिन्याच्या पाच तारखेला भिशीच्या ग्रुपवर वहीच्या पानाचा फोटो येतो. कुणी मागितलेला नाही.

यंदा उत्तरायणाला फिरकी त्याच्या हातात होती. सकाळी मी सारखा मागे वळून पाहत होतो. दुपारी उंधियू खाऊन पुन्हा वर आलो तेव्हा वारा चढला होता. त्यानंतर अंधार पडेपर्यंत दोनदाच वळलो, त्यातही एकदा तो जिलबी खात होता.