चाळीस यार्डांची वेळ हुलकावणी मोजत नाही

अमेरिकन फुटबॉलमधला जुना समज: ४० यार्ड (३६.५८ मीटर) झपाट्याने धावणारा तरुण रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) टॅकल करणाऱ्यांनाही, म्हणजे त्याला पकडून पाडणाऱ्यांनाही, सहज चुकवतो. हे खरं नाही. ती सरळ रेषेतली धाव, समोर अडवायला कुणी नसतं. २०१७च्या एनएफएल कम्बाइनमध्ये (व्यावसायिक लीगच्या निवडीआधीच्या चाचण्यांत) रिसीव्हर जॉन रॉसने ४.२२ सेकंदांचा तेव्हाचा विक्रम केला. दुसरा रिसीव्हर कूपर कप, त्याला ४.६२ सेकंद लागले. पण २०२१च्या मोसमात झेलांवर १,९४७ यार्ड मिळवून अव्वल ठरला तो कप. (रॉसला दुखापतींनीही छळलं, हे मान्य.)

चपळाई मोजणारी थ्री-कोन चाचणीही अपुरीच. पाच-पाच यार्डांवर तीन शंकू, आणि कुठे वळायचं ते आधीच ठाऊक. मैदानात ते समोरच्याची कंबर कुठे झुकते हे पाहून क्षणात ठरवावं लागतं.

म्हणून सामन्यांची चित्रफीत पाहा. झेलानंतर धावून मिळवलेल्या यार्डांची सरासरी फसवी असते. मोकळ्या मैदानातला एकच ७० यार्डांचा झेल ती फुगवतो. झेलाच्या क्षणी पाच यार्डांच्या आत टॅकलर होता, असेच झेल निवडा आणि त्यातल्या पहिल्या टॅकलरला किती वेळा चुकवलं ते मोजा. स्क्रीन पास (ब्लॉकरांच्या आडोशाला दिलेला आखूड पास) वेगळे ठेवा, तिथे वाट ब्लॉकर, म्हणजे टॅकलरना अडवणारे सहकारी, काढून देतात. मग पाय बघा. वळण्याआधी पावलं आखूड होतात का, कंबर खाली येते का, बाहेरचा पाय शरीराच्या रेषेबाहेर रोवला जातो का? ताठ उभा राहून वळणाऱ्याला थांबायला जादा पावलं लागतात, आणि तेवढ्यात टॅकलर त्याच्या कमरेला मिठी मारतो.