पॉवर ट्यूब लाल होतेय? नवीन जोडी टाकण्याआधी हे वाचा

जुन्या फेंडर, मार्शल किंवा व्हॉक्स गिटार अँपबद्दल (अँप्लिफायरबद्दल) आम्हाला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हे: "पॉवर ट्यूब लाल होतेय, नवीन जोडी मिळेल का?" जोडी मिळेल. पण अँप न तपासता नुसती जोडी आम्ही हातात देत नाही. त्यामागचं कारण या पत्रकात दिलं आहे.

आधी लाल कशाला म्हणायचं ते पाहू. ट्यूबच्या आत वर आणि खाली नारिंगी उजेड दिसतो तो फिलॅमेंटचा, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेचा, तो दिसायलाच हवा. काचेच्या आतल्या बाजूला निळसर छटा दिसली तरी बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. काळजी करायची ती प्लेटची, म्हणजे आतल्या करड्या पत्र्याच्या डब्याची. त्या पत्र्यावर मंद लाल डाग उमटू लागला की ट्यूब तिच्या ताकदीपलीकडे तापली आहे. खोलीतला दिवा मालवून पाहा, भर उजेडात सुरुवातीचा डाग कळत नाही. डाग दिसला की लगेच स्विच स्टँडबायवर (ट्यूब गरम, पण आवाज बंद), मग पॉवर बंद. "एवढं गाणं होऊ दे" म्हणून थांबू नका. तापलेल्या धातूतून वायू सुटतो, त्याने ट्यूबमधला करंट आणखी वाढतो आणि प्लेट आणखी तापते. फ्यूज दर वेळी वाचवेलच असं नाही. रेक्टिफायर ट्यूब (एसीचं डीसी करणारी) आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूब आणि स्पीकर यांच्यामधला) याच वेळी जातात, आणि जुना मूळ ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळत नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक

ट्यूब लाल झाली म्हणजे ट्यूब खराब, असं धरून नवीन जोडी टाकायची आणि अँप चालू करायचा. बऱ्याचदा दोष अँपमध्ये असतो, आणि नवीन जोडीही त्याच वाटेने जाते. मग आमच्याकडे अँप येतो तेव्हा दोन जोड्या गेलेल्या असतात आणि मूळ दोष तसाच असतो.

पॉवर ट्यूबच्या ग्रिडवर (प्लेटकडे जाणारा प्रवाह आवरणाऱ्या आतल्या जाळीवर) उणे व्होल्टेज असतं, त्याला आपण बायस म्हणतो. ही नळाची चावी समजा: बायस कमी पडला की ट्यूबमधला प्रवाह मोकळा सुटतो. फेंडरच्या 'एबी763' या सर्किटच्या नकाशावर हा आकडा डीलक्स रिव्हर्बसाठी उणे 35 व्होल्ट आहे, ट्विन रिव्हर्बसाठी उणे 52. डीलक्सच्या 6व्ही6 ट्यूबच्या प्लेटवर सुमारे 415 व्होल्ट असतात. जुन्या हिशोबाने ही ट्यूब प्लेटवर जास्तीत जास्त 12 वॅट सोसते. गिटार न वाजवता तिच्यावर 70 टक्के भार ठेवायचा म्हटलं तर 8.4 वॅट. भागिले 415, म्हणजे 20 मिलिअँपिअर. प्रत्येक ट्यूब मोजून आम्ही याच्या आसपास आणतो.

हा बायस बिघडवणारा, आणि सहज न सापडणारा भाग म्हणजे कपलिंग कंडेन्सर. फेज इन्व्हर्टर म्हणजे सिग्नलचे एकमेकांच्या उलट दोन भाग करून पॉवर ट्यूबच्या दोन बाजूंना देणारी छोटी ट्यूब. तिच्या प्लेटवर 230 व्होल्टच्या आसपास डीसी असतं. 0.1 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ते अडवतो आणि फक्त सिग्नल पुढे सोडतो. जुना झाला की तो झिरपायला लागतो. ही गळती 10 मेगाओहमइतकी किरकोळ असली, तरी 220 किलोओहमच्या ग्रिड रजिस्टन्सवर जवळजवळ पावणेसहा व्होल्ट उलट बाजूने चढतात. उणे 35 चे उणे 29 होतात, आणि 6व्ही6 लाल व्हायला तेवढं पुरतं. कंडेन्सर काढून साध्या मीटरवर लावला तर आकडा बरोबरच दाखवतो, कारण मीटर त्याला पूर्ण व्होल्टेज देतच नाही. म्हणून आम्ही त्याचं ग्रिडकडचं टोक सोडवतो, अँप चालू करतो आणि त्या टोकावर डीसी मोजतो. चांगल्या कंडेन्सरवर आकडा शून्याजवळ स्थिरावतो.

असा झिरपता कंडेन्सर असताना काही जण बायसचा पॉट (तो कमीजास्त करायचा खुंटा) फिरवून लाल ट्यूब थंड करतात. ती थंड होते, पण दुसऱ्या बाजूची निरोगी ट्यूब उपाशी राहते, आवाज चिरका आणि पातळ येतो. शिवाय 1968 नंतरच्या बऱ्याच सिल्व्हरफेस (चंदेरी दर्शनी पट्टीच्या) फेंडरमध्ये तो पॉट बायस कमीजास्त करतच नाही, दोन बाजूंचा तोल तेवढा साधतो. तिथे एक ट्यूब थंड केली की दुसरी तापते.

घरी करता येईल अशी एक तपासणी

चॅसिस (अँपचा आतला धातूचा सांगाडा) उघडू नका. प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये 400 व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. पुढची तपासणी बाहेरूनच होते.

अँप बंद करून ट्यूब पूर्ण गार होऊ द्या. बुडाला चिकटपट्टी लावून क्रमांक लिहा आणि दोन ट्यूबची अदलाबदल करा. स्पीकर जोडलेला आहे ना ते पाहा, फिलॅमेंट तापू द्या, मग स्विच स्टँडबायवरून वाजवण्याच्या बाजूला टाकून हात त्यावर ठेवूनच जेमतेम अर्धा मिनिट बघा. लाली ट्यूबबरोबर हलली तर ट्यूब गेली. लाली त्याच सॉकेटवर राहिली तर दोष अँपचा. सगळ्याच ट्यूब लाल झाल्या तर बायसचा पुरवठा बंद पडला आहे: डायोड, जुन्या अँपमधला सेलेनियम रेक्टिफायर किंवा वाळलेला बायस कंडेन्सर. ट्विनमध्ये चार ट्यूब असतात. एका टोकाकडच्या दोन एका बाजूच्या, दुसऱ्या टोकाकडच्या दोन दुसऱ्या. एकाच बाजूच्या दोघी लाल झाल्या तर त्या बाजूचा कपलिंग कंडेन्सर आधी पाहायचा.

एकच सॉकेट लाल, बाकी सगळं ठीक, असं असेल तर अनेकदा पाच नंबरच्या पिनची पकड सैल झालेली असते. ग्रिडची पिन तीच. पकड आवळली, सॉकेट साफ केलं की काम झालं. असं निघालं तर तुम्हाला नवीन ट्यूब घ्यायची गरज नाही, आणि आम्ही तसंच सांगतो. तपासणीची फी मात्र घेतो, कारण वेळ दोष शोधण्यातच जातो.

व्हॉक्स एसी30 चं गणित वेगळं. त्यात बायसचा पॉट नसतो. चार ईएल84 मिळून 50 ओहमच्या आसपासचा एकच कॅथोड रजिस्टन्स (ट्यूबमधून जाणाऱ्या प्रवाहातूनच बायस तयार करणारा) वापरतात. एक ट्यूब मेली की त्यावरचं व्होल्टेज उतरतं आणि उरलेल्या तिघींवर भार पडतो. म्हणून तिथे आम्ही चारही ट्यूब एकत्र बदलायला सांगतो. या अँपच्या ट्यूब मुळातच मर्यादेच्या काठावर चालतात, त्या लवकर संपणार हे धरूनच चाला.

आपली वीज आणि आपली हवा

अमेरिकन अँप 117 किंवा 120 व्होल्टचे. 230 चे 120 करणारा स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) घेतला आणि लाइन 250 वर गेली की अँपला 130 मिळतात; 117 साठी बांधलेल्या अँपमध्ये 6.3 व्होल्टचं फिलॅमेंट 7 व्होल्टवर जातं आणि प्लेटचं व्होल्टेजही चढतं. 230 चे 110 करणारा घ्या, 250 लाही तो 120 च्या आत राहतो. असे स्टेप-डाउन आमच्याकडे लोडवर मोजून मिळतात. ब्रिटिश अँपवर व्होल्टेज निवडायची सोय असेल तर 220 वर नको, 240 वर ठेवा.

मुंबई, कोकण, गोव्यात अँप असेल तर आणखी एक: जुन्या फेंडरचा फायबर बोर्ड (आतले भाग बसवलेली पाटी) ओल धरतो आणि स्वतःच किंचित वीज वाहू लागतो. बायस पावसाळ्यात सरकतो आणि उन्हाळ्यात ठीक होतो, असा अनुभव असेल तर येताना जरूर सांगा.

दुरुस्तीनंतर अँप तासभर स्पीकरवर चालवून बायस पुन्हा मोजल्याशिवाय आम्ही परत देत नाही, म्हणून "उभ्या उभ्या करून द्या" याला नाही म्हणावं लागतं. येताना लाल झालेल्या ट्यूब क्रमांकासह आणा, टाकून देऊ नका. नेहमीचा स्टेप-डाउन आणा, आणि हेड (स्पीकर नसलेला अँप) असेल तर त्याची कॅबिनेट व स्पीकर केबलही. गिटारची केबल स्पीकरला वापरत असाल तर तीही दाखवा.